जिथे सूर्य

अंगठा आधी गेला. डोकं मागून धापा टाकत आलं, तोवर बटणाचा लाल दिवा लागला होता, प्रश्न विचारणाऱ्या बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं, आणि चष्मेवाल्याच्या तोंडून शब्द सुटून सभागृहभर फिरलाही होता. "शुक्र." बाईंनी हातातला कागद पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागद पाहिला. त्यांनी फक्त दोन शब्द वाचले होते, 'जिथे सूर्य'. प्रश्न चांगला लांबलचक होता, तीन ओळींचा तरी असणार, आणि तो न वाचलेलाच कागदावर राहिला. "बरोबर," त्या म्हणाल्या, पण एरवी बरोबर म्हणताना त्यांचा आवाज जसा वर चढायचा तसा चढला नाही. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतून जोरात पडल्या, मागे जाता जाता विरळ झाल्या, कारण मागच्या लोकांना विचार करायला जरा उसंत मिळाली होती. शेजारच्या खुर्चीतला मेव्हणा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, अर्धा उठला, त्याचं पोट टेबलाच्या कडेला अडलं, तसाच वाकून तो कानाशी म्हणाला, "भाऊजी, जिंकलो की हो! मारलंत!" गुण बरोबरीत होते, हा शेवटचा प्रश्न होता, तेव्हा खरंच जिंकले होते. चष्मेवाला आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. अंगठा अजून बटणावरच होता. त्याला काही केल्या आठवेना, आपण तो कधी दाबला.

आणि मग समोरच्या टेबलावरची पितळी घंटा वाजली. ती घंटा प्रत्येक टेबलावर असते, पण वाजत कधी नाही; नव्या लोकांना ती शोभेची वाटते. या प्रश्नमंजुषा मंडळाची ही जुनी रीत. इतर ठिकाणी उत्तर बरोबर आलं की विषय संपला, इथे नाही. मंडळ ज्यांनी काढलं त्या म्हाताऱ्यांना ठोकून दिलेल्या उत्तरांचा भारी तिटकारा होता. अंदाजपंचे मारलेलं बरोबर उत्तर हे चुकीच्या उत्तराहून वाईट, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी नियम केला की समोरच्याला शंका आली तर त्याने घंटा वाजवून दाखला मागायचा. हे तुम्हाला कुठून ठाऊक झालं, कोणत्या पुस्तकात वाचलं, कुणाच्या तोंडून ऐकलं, की कोणत्या तर्काने काढलं, ते वाळूच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत सांगायचं. सांगितलं, तर घंटा वाजवणाऱ्याचे गुण गेले. नाही सांगता आलं, तर उत्तर देणाऱ्याने खुर्ची सोडून खाली उतरायचं आणि मंडळात पुन्हा कधी खुर्चीवर बसायचं नाही. बघायला या, टाळ्या वाजवा, चहा प्या, पण खुर्ची नाही.

चष्मेवाल्याकडे दाखला मागायच्या फंदात कुणी पडत नसे. एकदा कुणी नवख्याने मागितला होता. प्रश्न होता, कोणत्या देशाला अधिकृत राजधानीच नाही. नाउरू, हे उत्तर. नवख्याने घंटा वाजवली आणि चष्मेवाल्याने शांतपणे सांगितलं होतं: नकाशांचं मोठं पुस्तक, डावं पान, खालचा कोपरा, तिथे पान डिंकाने चिकटलेलं आहे. लोक हसले, वाहवा म्हणाले. उरलेलं त्याने सांगितलं नव्हतं. ते पुस्तक त्याने तापात वाचलं होतं, कपाळावर ओली पट्टी होती, आणि पट्टी बदलताना बायको म्हणाली होती, "राजधानी नाही तर नाही, झोपा आता." त्याचं ज्ञान असं होतं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे त्याला इस्पितळाच्या बाकावर मुलांच्या एका फाटक्या मासिकातून कळलं होतं, आणि आत बायकोचं एकच हृदय काही ऐकायला तयार नव्हतं. सर्वांत मोठं वाळवंट सहारा नव्हे, अंटार्क्टिका, हे वाचलं तेव्हा मुलगी मांडीवर झोपली होती आणि पान उलटताना तिचं डोकं हलू नये म्हणून त्याने ते दातांनी उलटलं होतं. लोकांना वाटे हा माणूस पाठांतर करतो. तो काही पाठ करत नव्हता. त्याला ते ते दिवस सोडवत नव्हते, आणि माहिती त्यांना चिकटून आलेली होती, एवढंच. म्हणून त्याला दाखल्याची भीती कधी वाटली नाही. उलट कधी कधी आतून वाटे, मागा की रे कुणीतरी.

घंटा वाजवली होती वकिलांनी. समोरच्या टेबलावर ते दरवर्षी असत. उंच, खांदे जरा पडलेले, बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायची सवय. "शुक्रावर सूर्य पश्चिमेला उगवतो, याचा दाखला मला नको," ते म्हणाले. "ते शाळकरी पोरंही सांगतील. माझा मुद्दा वेगळा आहे. 'जिथे सूर्य'. जिथे सूर्य मध्यरात्री दिसतो, जिथे सूर्य सगळ्यांत आधी उगवतो, जिथे सूर्य सहा महिने मावळत नाही. शंभर प्रश्न असे सुरू होतात. यातून चष्मेवाल्यांनी शुक्र कुठून काढला, त्याचा दाखला द्यावा." कुणीतरी खुर्ची सरकवली, तिचा पाय फरशीवर किंचाळला. मंचाच्या कडेला, प्रश्न काढणाऱ्यांच्या टेबलाशी मास्तर बसले होते. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, डोळ्यांत पडदे वाढलेले, आवाज ऐकून माणसं ओळखणारे. त्यांनी क्षणभर मान खाली घातली. "मागणी नियमात बसते," ते म्हणाले आणि चाचपडत वाळूचं घड्याळ उलटं केलं. घड्याळ त्यांनी स्वतःच उलटं केलं, कारण शेजारी बसलेल्या त्यांच्या मदतनीस मुलीने एरवीसारखा हात पुढे केला नव्हता. ती मुलगी चष्मेवाल्याची होती.

तिच्याकडे बघायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि लगेच बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. हातातल्या पेनाचं टोपण काढलेलं होतं, ते तिने मुठीत गच्च धरलं होतं. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती हिशेब लावत होती, प्रश्नांचे कागद याच्या हाती कधी लागले असतील, कपाट, टेबलाचा खण, पिशवी, मी आंघोळीला गेले तेव्हा, मी खाली दूध आणायला गेले तेव्हा. तो हिशेब त्याला तिच्या डोळ्यांत सरळ वाचता येत होता. काय वाटेल ते होवो, वकिलाला काय वाटायचं ते वाटो, पण हिला असं वाटता कामा नये. 'अगं, नाही,' तो मनातल्या मनात म्हणाला, 'तुझ्या खणाला मी हात नाही लावला गं.' पण मनातल्या मनात म्हटलेलं मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. वाळू चालू झाली होती.

"तर्क म्हणा," मेव्हणा ओठ न हलवता कुजबुजला. "तर्क केला म्हणा, मोकळे व्हा." तर्क! मेव्हण्याला फुटबॉलचे विश्वचषक आणि कोण कुठे कितव्या मिनिटाला पडला ते सगळं ठाऊक, बाकी आनंद. पण सल्ला वाईट नव्हता. चष्मेवाल्याने प्रामाणिकपणे तर्क शोधायला सुरुवात केली, एखाद्याने खिशात किल्ली शोधावी तसा. बाई 'जिथे' म्हणाल्या, 'ज्या देशात' म्हणाल्या नाहीत, म्हणजे देश नव्हे. मग जागा. मग पृथ्वीबाहेरची जागा का? ध्रुव का नाही? त्या 'सूर्य' म्हणून थांबल्या, श्वास घेतला. तो थांबा त्याला आत्ता पुन्हा ऐकू आला. जिथे सूर्य, थांबा. तो थांबा ओळखीचा होता. शब्द नव्हे, शब्द काय कुणाचेही असतात. पण 'सूर्य'च्या नंतर ती जी पायरी होती, जिच्यावर आवाज क्षणभर उभा राहायचा आणि मग खाली उतरायचा, ती त्याने ऐकलेली होती. कुठे? कोणतं पान? डावं की उजवं? त्याला पान दिसेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आत हात घातला होता आणि हाताला कागद लागत नव्हता. काहीतरी ओलं लागत होतं, थंड. साबणाचा वास येत होता.

दुकानात तो दिवसभर प्रश्नच विचारतो. लोखंडी चौकट गिऱ्हाइकाच्या नाकावर बसवायची, भिंग सरकवायचं, "हे बरं की हे? आता? पहिलं की दुसरं?" या प्रश्नांना दाखला लागत नाही. माणूस म्हणतो दुसरं, की दुसरं. म्हातारी माणसं तिथेही घाबरतात, चुकलो तर नाही ना विचारतात, आणि तो म्हणतो, "यात चूक नसते हो, तुम्हाला काय दिसतं तेवढंच सांगा." मास्तर असेच त्याच्या खुर्चीत बसले होते, पहिलं की दुसरं विचारल्यावर म्हणाले, "दोन्ही सारखंच." त्याने भिंगं खाली ठेवली. इथे चष्म्याचं काम नव्हतं. मास्तरांनाही ते कळलं. "प्रश्न तर काढायचेत या वर्षीचे," ते म्हणाले, "डोक्यात आहेत सगळे. लिहून घ्यायला, वाचून दाखवायला कुणी हवं. तुमची मुलगी येईल का?" तो म्हणाला, मी खेळतो, ते बरं दिसणार नाही, हवं तर मी या वर्षी बसत नाही. मास्तरांनी हात झटकला. "तुमच्यावर नाही तर मग कुणावर विश्वास ठेवायचा?" मंडळात विषय निघाला तेव्हा हेच वकील उठून म्हणाले होते, चष्मेवाल्यांबद्दल शंका घेणाऱ्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल. सगळ्यांनी मान डोलावली होती. त्या दिवशी त्याला किती बरं वाटलं होतं! आता त्या बऱ्या वाटण्याचीच लाज वाटत होती.

मुलीने ते काम असं उचललं की बघत राहावं. दोन नोकऱ्या धरून सोडलेल्या, कशात म्हणून मन लागत नाही म्हणणारी पोर, मास्तरांकडून आली की तिच्या चालण्यात टाच वाजायला लागली. घरी मात्र तोंडाला कुलूप. तोवर बापलेकीचं बोलणं म्हणजे प्रश्नच होते. जेवताना तो विचारायचा, ती विचारायची, घोड्याला उलटी होते का, केळं हे बेरी का आणि स्ट्रॉबेरी का नाही, आणि त्या प्रश्नांच्या आडून दोघं एकमेकांची चौकशी करून घ्यायची. आई गेल्यानंतर हेच एक राहिलं होतं. ते बंद झाल्यावर ताटं नुसती वाजत. "भाजी बरी झालीय." "हो." मग तो पाणी प्यायचा. तिच्या खणाला तिने कुलूप लावलं तेव्हा त्याने उगाच विनोद केला होता, "अगं, बापावर पहारा?" आणि ती न हसता म्हणाली होती, "तुझ्यासाठीच आहे बाबा. उद्या कुणी विचारलं तर कुलूप होतं म्हणता येईल." किती शहाणी बोलली होती. आणि तरीही इथे तो शुक्र शुक्र करत बसला होता.

वाळूचा वरचा शंकू आता मध्ये खचला होता. मागे कुणीतरी खोकलं आणि खोकला दाबला. साबणाचा वास पुन्हा आला आणि या वेळी त्याने तो सोडला नाही. साबण. दाढीचा साबण. सकाळ. न्हाणीघराचा आरसा, त्याचा वरचा कोपरा काळा पडलेला, नळ चालू, आणि भिंतीपलीकडे इस्त्री. इस्त्रीचा एक आवाज असतो, टेबलावर जड पाऊल टाकल्यासारखा, मग ओल्या कापडावरून जाताना बारीक फुसकारा. आणि त्या फुसकाऱ्याच्या वर, त्याला धरून, आवाज. जिथे सूर्य, थांबा. जिथे सूर्य, थांबा, पूर्वेला नव्हे तर पश्चिमेला. पूर्वेला नव्हे, तर. मास्तरांनी तिला सांगितलेलं असणार, प्रश्न वाचून बघ, जिभेला कुठे अडतोय का, वाचणाऱ्याने कुठे थांबावं ते तुझ्या श्वासाला ठरवू दे. विचारणाऱ्या बाईंनाही तिनेच वाचून दाखवला असणार, म्हणून तो थांबा जसाच्या तसा. आणि ती तो प्रश्न इस्त्री करताना पुटपुटत होती. पुटपुटते आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. तिला कधीच ठाऊक नव्हतं.

ती पहिल्यापासून पुटपुटते. गणितं करताना, बुटाची नाडी बांधताना, परीक्षेला जाताना. तिची आईही पुटपुटायची, केस विंचरताना, दिवसभरात काय काय करायचं ते सगळं कंगव्याला सांगायची. तिला एकदा लग्नानंतर लवकरच त्याने चेष्टेने म्हटलं होतं, "कुणाशी बोलतेस?" आणि ती लाजली, दचकली आणि थांबली. पुढे कित्येक महिने ती केस विंचरताना ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि तो आरशातून ते मिटलेले ओठ बघून हळहळायचा. मग कधीतरी ती विसरली आणि आवाज परत आला, तेव्हा त्याने कानाला खडा लावला, पुन्हा सांगायचं नाही. सांगितलं की थांबतं. मुलीला म्हणूनच कधी सांगितलं नाही. बायको गेली तेव्हा घर इतकं मुकं झालं की नळाचा थेंब ऐकू यायचा, आणि मग एका सकाळी पलीकडच्या खोलीतून ते पुटपुटणं आलं, हुबेहूब तसंच, खालच्या पट्टीत, कुणाला उद्देशून नसलेलं. त्या दिवशी तो अर्धी दाढी तशीच ठेवून टबाच्या कडेवर बसला होता आणि ढसाढसा रडला होता.

पण एवढ्यावर भागत नव्हतं. दाखला म्हणजे सगळं, अर्धं नव्हे. मास्तरांचं काम तिने घेतल्यापासून तो सकाळी नळ पूर्ण सोडायचा. पाणी वाया गेलं तर गेलं, शब्द कानावर पडायला नकोत. रोज सोडायचा. आणि मग कधीतरी त्याने तो बारीक केला. हात आठवतो आता त्याला, फेसाने भरलेला, नळाची चकती अर्धी फिरवणारा. कशासाठी? शब्दांसाठी नाही. देवाशपथ शब्दांसाठी नाही. जेवताना बोलणं नाही, येता-जाता बोलणं नाही, आणि भिंतीपलीकडे ती बोलते आहे, मग जरा ऐकू द्या की मला, माझं घर आहे. आवाजासाठी नळ बारीक केला आणि आवाजाबरोबर शब्द आले. कानांना काय कळतं? त्यांनी दोन्ही उचललं, आणि अंगठ्याने आज ते परत केलं. तरी नळ त्यानेच बारीक केला होता ना? वकील विचारतील, मग ऐकलंत हे का सांगितलं नाहीत? आणि तो काय म्हणेल, मला ठाऊकच नव्हतं मी ऐकलं ते? हे खरं होतं, आणि मंचावर उभं राहून म्हटलं तर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही.

वाळूची आता नुसती धार उरली होती, बारीक. त्याच्यापुढे सगळं स्वच्छ मांडलेलं होतं, पहिलं की दुसरं. खरा दाखला दिला तर खुर्ची राहते. त्याने काही चोरलं नाही हे मुलीलाही कळतं. पण त्याच क्षणी शंभर माणसांसमोर असं होतं की प्रश्न फुटला तो तिच्या तोंडून. मास्तर आंधळे होत चाललेत आणि त्यांनी जिच्यावर भिस्त ठेवली तिने घरी प्रश्न बडबडले. तिचं काम गेलं, टाच वाजणं गेलं. तर्क म्हणालो तर सगळेच सुटतात, चषक मेव्हण्याच्या काखेत, आणि मुलगी घरी येऊन खणाचं कुलूप तपासते, ओरखडा आहे का बघते, जन्मभर बघत राहते. आणि दाखला नाही म्हटलं तर? तर खुर्ची गेली, नाव गेलं, आणि ती तरीही ओरखडाच शोधते. म्हणजे तिच्या मनातून सुटायची वाट एकच होती आणि ती तिच्याच अंगावरून जात होती. त्याने तिच्याकडे पुन्हा पाहिलं. तिने मान खाली घातली होती. कपाळावर बटा आल्या होत्या आणि भांग वाकडा होता, सकाळी घाईत पाडलेला.

"वेळ संपत आली," विचारणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या.

चष्मेवाला उभा राहिला. उभं राहायची काही गरज नव्हती. "दाखला नाही," तो म्हणाला.

एक आवाज उठला, श्वासांचा. मेव्हण्याने त्याची बाही धरली. "भाऊजी, डोकं फिरलंय का? तर्क म्हणा हो!" आणि आश्चर्य म्हणजे वकीलही उठले, पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत बघत. ते गोंधळले होते. त्यांना जिंकायचं होतं, हे नको होतं. "चष्मेवाले, तर्क होता म्हणा," ते जवळजवळ विनवल्यासारखे म्हणाले, "मी घंटा मागे घेतो. इतक्या वर्षांचा खेळ आहे आपला." मास्तर आवाजाच्या दिशेने चेहरा वळवून थांबले होते. "तर्क नव्हता," चष्मेवाला म्हणाला. "आणि दाखला नाही. गुण कापा." मग त्याने बाही सोडवून घेतली आणि तीन लाकडी पायऱ्या उतरून तो मधल्या वाटेने बाहेर गेला. दोन्ही बाजूंची माणसं गुडघे आत ओढून घेत होती, जागा पुरेशी असूनही.

बाहेर जिन्याच्या वरच्या चौकात एक बाक होता आणि खिडकी होती. खाली रस्त्यावर संध्याकाळची माणसं दुकानांतून बाहेर पडत होती, कुणी शटर ओढत होतं. त्याला वाटलं होतं रडू येईल, पण नुसतीच तहान लागली होती. दार उघडलं, आतला गलका बाहेर आला, दार मिटलं. टाच वाजली नाही, पण तीच होती.

ती बाकावर बसली नाही. समोर उभी राहिली. "कुठून, बाबा?" तिने विचारलं. "मला खरं सांग. किल्ली कुठून मिळाली?"

"किल्ली नाही गं."

"मग?"

हे सांगितलं की थांबणार, हे त्याला ठाऊक होतं. तीस वर्षं ठाऊक होतं. एका बाजूला ते होतं आणि दुसऱ्या बाजूला हिचा हा चेहरा. "तू इस्त्री करत होतीस," तो शेवटी म्हणाला. "मी दाढी करत होतो. तू पुटपुटतेस. लहानपणापासून. काम करताना तुझं तुला कळत नाही. नळ मी एरवी पूर्ण सोडतो. त्या दिवशी बारीक केला."

"का?"

"तुझा आवाज ऐकायला. प्रश्न नव्हता ऐकायचा. प्रश्न ऐकला हे मला आत्ता, मंचावर कळलं."

ती बघत राहिली. तिच्या ओठांची किंचित हालचाल झाली, आणि ती होतेय हे तिच्या लक्षात आलं, आणि ते ओठ तिने मिटले. त्याने ते पाहिलं. "मी पुटपुटते?" ती म्हणाली. "कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की थांबतं."

ती एकदम खाली बसली, बाकावर नव्हे, वरच्या पायरीवर, त्याच्याकडे पाठ करून. बराच वेळ तिचे खांदे नुसते वर-खाली होत होते. "मी काय काय विचार केला माहितीये तुझ्याबद्दल," ती म्हणाली. "इतक्या वेळात. बापाबद्दल."

"कुणीही केला असता."

"मी का केला पण?" मग तिने नाक पुसलं, उठली, कुर्ता झटकला. तो घाबरला. तिला तो ओळखत होता.

"कुठे निघालीस?"

"आत."

"अगं, कशाला? झालंय आता. तुझं काम जाईल. मास्तरांना काय वाटेल?"

"दाखला आहे ना बाबा?" ती म्हणाली. "मग द्यायचा. तूच सांगत आलास." आणि ती गेली. दार उघडलं, गलका आला, मग गलका एकदम बंद पडला, आणि त्या शांततेत त्याला तिचा आवाज ऐकू आला. शब्द लागत नव्हते, दार जाड होतं. नुसता आवाज, सलग, मध्ये एकदा थांबलेला, मग पुन्हा सुरू. या वेळी ती मोठ्याने बोलत होती, सगळ्यांना उद्देशून. तो खिडकीशी उभा राहून ऐकत होता आणि त्याला अभिमान वाटत होता, आणि अभिमानाच्या पोटात काहीतरी तुटत होतं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिची पिशवी होती. "काढलं?" त्याने विचारलं. "मास्तर राहा म्हणत होते," ती म्हणाली. "मीच सोडलं. प्रश्न बाद झाला. आता मामा आणि वकील नव्या प्रश्नावर भांडतायत. आणि तुझी खुर्ची ठेवायची म्हणाले सगळे." तो नाही म्हणाला. ती म्हणाली, ते तुझं तू बघ. घरापर्यंत दोघं चालत गेली. वाटेत तिने त्याचा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, आणि रस्ता ओलांडल्यावरही सोडला नाही. जेवताना तिने विचारलं, शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा, हे खरं की खोटं; आणि त्याने सांगितलं की स्वतःभोवतीचा फेरा वर्षाहून मोठा, पण एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत मोजलंस तर लहान. ती म्हणाली, तू आणि तुझे पण. दोघं हसली. इतक्या दिवसांनी हसली.

सकाळी तो आरशासमोर उभा राहिला. गालाला साबण लावला, नळ सोडला, पूर्ण नव्हे. भिंतीपलीकडे इस्त्री टेकली. जड पाऊल, मग फुसकारा. जड पाऊल, मग फुसकारा. वस्तरा हातात धरून तो थांबला. फुसकाऱ्याच्या वर काही नव्हतं. असेल, पाण्याच्या आवाजात कळत नसेल, म्हणून त्याने नळ बारीक केला. मग आणखी बारीक केला. मग बंद केला आणि श्वास धरला. इस्त्री नीट, समजूतदारपणे, अगदी मुकाट्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होती. मग तीही थांबली.

"बाबा," पलीकडून तिने मोठ्या, स्पष्ट आवाजात विचारलं, "नळ का बंद केलास?"

उत्तर त्याला येत होतं. त्याने दिलं नाही.